कीटकनाशकाची तीव्र विषबाधा : कॅज्युअल्टीच्या दारापासून अतिदक्षता विभागापर्यंत

आपल्याकडे खेड्यापाड्यांत कीटकनाशकाला सरसकट 'औषध' म्हणतात. त्यामुळे रात्री कॅज्युअल्टीसमोर जीप थांबते आणि सोबतचा माणूस धापा टाकत "साहेब, यानं औषध घेतलं" एवढेच सांगतो, तेव्हा शहरातून नुकताच रुजू झालेला डॉक्टर "कशासाठी घेतलं, कुठल्या डॉक्टरांनी दिलं?" असे विचारून बसतो. विदर्भ-मराठवाड्यात एक खरीप काढल्यावर हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्या एका वाक्यानंतर काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि कोणत्या दिवशी गाफील राहायचे नाही, हे येथे मांडले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि चार-सहा खाटांचा अतिदक्षता विभाग येथील डॉक्टर व परिचारिका यांच्यासाठी हे लिहिले असले, तरी दवाखान्यापूर्वीचा भाग गावातील कोणालाही उपयोगी पडेल. मात्रा दिल्या आहेत त्या, मुलांचा वेगळा उल्लेख नसेल तेथे, प्रौढ रुग्णाच्या आहेत आणि त्या डॉक्टरांच्याच हातून दिल्या जाव्यात.

आपल्या भागातील गंभीर रुग्णांपैकी बहुसंख्य रुग्ण ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील विषाचे असतात. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट ही त्यांतील नेहमी कानावर येणारी नावे. सगळेच रुग्ण विष पिऊन आलेले नसतात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात माणसाच्या उंचीएवढ्या वाढलेल्या कपाशीत, दमट उकाड्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजूर बाधित झाले व वीसच्या आसपास माणसे दगावली. त्यांच्या अंगावर, डोळ्यांत आणि श्वासात विष गेले होते. उपचाराचे तत्त्व दोन्ही प्रकारांत एकच असले, तरी फवारणीच्या रुग्णात कपडे आणि कातडी हाच विषाचा साठा असतो, हे विसरल्यास उपचार चालू असतानाही विष शरीरात शिरत राहते.

रुग्ण नेमका कशाने मरतो, हे आधी समजून घ्यावे. आपल्या नसांच्या टोकांशी ॲसिटिलकोलीन नावाचा निरोप्या काम करतो आणि काम झाले की कोलिनेस्टरेज हे एन्झाइम त्याचा निकाल लावते. ऑर्गॅनोफॉस्फरस विष हे एन्झाइमच बांधून ठेवते, त्यामुळे निरोप थांबतच नाहीत. फुप्फुसांत पाण्यासारखा स्राव भरतो, श्वासनलिका आवळतात, नाडी मंदावते, स्नायू फडफडतात व नंतर लुळे पडतात आणि मेंदूतील श्वसनकेंद्रही मंद होते. यांतील बहुतेक वाटा श्वासाशीच जाऊन मिळतात. म्हणून पोटातले विष काढण्यासाठी नळी शोधत बसण्याआधी छातीकडे पाहावे, हा या साऱ्या उपचाराचा कणा आहे.

दवाखान्यात पोहोचण्यापूर्वी

घरच्यांनी किंवा शेतातल्या सोबत्यांनी तीन कामे करावीत. रुग्णाला मोकळ्या हवेत आणून त्याचे भिजलेले कपडे, पट्टा, चप्पल-बूट सगळे काढावे आणि अंग, केस, नखे साबण व भरपूर पाण्याने धुवावीत. पाठीवरचा पंप गळत असेल, तर पाठ आणि कंबरेखालचा भाग विशेष धुवावा, कारण तेथे कापड तासन्‌तास ओले राहिलेले असते. धुणाऱ्याने हातांत रबरी किंवा निदान प्लॅस्टिकचे मोजे चढवावेत. दुसरे, रुग्णाला डाव्या कुशीवर, डोके धडापेक्षा किंचित खाली ठेवून निजवावे, म्हणजे उलटी फुप्फुसांत उतरणार नाही. जीपमध्येही त्याला मांडीवर डोके घेऊन उताणे झोपवू नये. तिसरे, विषाची बाटली, डबा किंवा पुडी सोबत घ्यावी आणि १०८ ला फोन करावा. अंग धुण्यासाठी गाडी थांबवून ठेवू नये. गाडी दारात आली असेल तर कपडे काढून निघावे, उरलेले धुणे दवाखान्यात होईल.

काय करू नये, याची यादी दुर्दैवाने मोठी आहे. मिठाचे पाणी, चिंचेचे पाणी, तूप, दूध, कच्ची अंडी, कडुनिंबाचा पाला आणि काही ठिकाणी तर सांगायला संकोच वाटावा असे पदार्थ उलटी व्हावी म्हणून पाजले जातात. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला काहीही पाजले, तर ते श्वासनलिकेत जाण्याचीच शक्यता अधिक असते. शिवाय मिठाच्या पाण्याने रक्तातील सोडियम इतके वाढू शकते की विषातून वाचलेला माणूस त्यानेच दगावावा. तोंडात बोटे घालून उलटी काढणेही टाळावे, कारण बहुतेक द्रवरूप कीटकनाशके रॉकेलसारख्या द्रावकात मिसळलेली असतात आणि तो द्रावक फुप्फुसात गेला की न्यूमोनिया ठरलेलाच.

बाटलीवरचा तिरका चौकोन पाहायला शिकावे. त्यातील खालचा त्रिकोण लाल असेल तर विष अत्यंत तीव्र, पिवळा असेल तर त्याखालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य. मात्र हा रंग दुसरे काही न मिसळलेल्या मालाचा आणि तोंडावाटे गेलेल्या मात्रेचा अंदाज देतो. दोन-तीन औषधे एकत्र करून फवारण्याची पद्धत सर्रास आहे, त्यामुळे हिरव्या त्रिकोणावर विसंबून रुग्णाला घरी पाठवू नये. शक्य असल्यास लेबलाचा फोटो लगेच काढून ठेवावा. बाटली नंतर पोलीस घेऊन जातात आणि अतिदक्षता विभागातला डॉक्टर दोन दिवसांनी नाव विचारत राहतो.

दारात आलेल्या रुग्णाची ओळख

बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ व फेस, घामाने निथळलेले अंग, छातीत घरघर, पातळ शौच, नकळत झालेली लघवी आणि मांडीच्या किंवा पापणीच्या स्नायूंत मुंगळे फिरावेत तशी फडफड, असे चित्र दिसले की रक्ततपासणीची वाट पाहू नये. कोलिनेस्टरेजची पातळी निदान पक्के करण्यासाठी आणि नोंदीसाठी उपयोगी आहे. तिचा अहवाल येईपर्यंत ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचे मुख्य औषध, थांबवणे ही चूक आहे. एक सापळा मात्र ध्यानात ठेवावा. विषाचा परिणाम वेगळ्या प्रकारच्या नसांवरही होत असल्याने काही रुग्णांत नाडी जलद आणि बाहुल्या मोठ्या असू शकतात. केवळ नाडी १२० आहे म्हणून 'हे ऑर्गॅनोफॉस्फरस नाही' असे म्हणू नये आणि नाडी जलद आहे म्हणून ॲट्रोपिन नाकारूही नये. शंका असेल तेव्हा १ मिलिग्रॅमच्या आसपास ॲट्रोपिन शिरेतून देऊन पाहावे. एवढ्याने तोंड कोरडे पडले, नाडी झपाट्याने वाढली आणि बाहुल्या पसरल्या, तर तीव्र ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधा असण्याची शक्यता कमी होते. काहीच फरक पडला नाही, तर विष जोरात आहे असे समजून पुढे जावे.

पहिली पंधरा मिनिटे

रुग्ण आत येताच तोंडातील स्राव सक्शनने ओढावा, ऑक्सिजन लावावा, दोन जाड शिरामार्ग घ्यावेत, रक्तातील साखर पाहावी आणि सलाईन चालू करावे. त्याच वेळी दुसऱ्या परिचारिकेने ॲट्रोपिन फोडायला घ्यावे. 'ऑक्सिजन नसेल तर ॲट्रोपिन देऊ नये, हृदय बंद पडते' असे जुने वाक्य अजूनही ऐकू येते. ऑक्सिजन द्यावाच, पण सिलिंडर संपला म्हणून ॲट्रोपिन रोखू नये. फुप्फुसातील पाणी आटवणारे तेच औषध आहे आणि पाणी आटल्याशिवाय दिलेला ऑक्सिजनही रक्तात पुरेसा पोहोचत नाही. छातीतली घरघर ऐकून फुप्फुसाला सूज आली असे समजून फ्युरोसेमाइड देणे ही दुसरी नेहमीची चूक. हा स्राव हृदयाच्या बिघाडातून आलेला नसतो. लघवीच्या इंजेक्शनाने तो जात नाही, उलट रक्तदाब मात्र पडतो.

शुद्ध हरपलेली, स्राव आवरत नाहीत किंवा श्वास उथळ झाला, तर श्वासनलिकेत नळी टाकण्यास उशीर करू नये. त्यासाठी स्नायू शिथिल करायला सक्सिनिलकोलीन वापरू नये, कारण ते मोडणारे एन्झाइमच विषाने निकामी झालेले असल्याने काही मिनिटांचे औषध तासन्‌तास टिकते. रोक्युरोनियम असेल तर ते वापरावे. आकडी आली किंवा रुग्ण फार अस्वस्थ असला, तर डायझेपाम १० मिलिग्रॅम शिरेतून सावकाश द्यावे किंवा मिडाझोलाम वापरावे.

ॲट्रोपिन : किती, केव्हापर्यंत

येथे हात आखडला तर बाकीचे सगळे व्यर्थ आहे, म्हणून हा भाग सविस्तर. आपल्याकडची नेहमीची अँप्युल (औषधाची काचेची छोटी कुपी) १ मिलिलिटरची असते आणि तिच्यात ०.६ मिलिग्रॅम ॲट्रोपिन असते. तीव्र विषबाधेत पहिला डोस ३ ते ५ अँप्युल, म्हणजे साधारण १.८ ते ३ मिलिग्रॅम, थेट शिरेतून द्यावा. मुलांमध्ये दर किलो वजनामागे ०.०२ ते ०.०५ मिलिग्रॅम या हिशेबाने सुरुवात करावी. पाच मिनिटे घड्याळ लावून थांबावे आणि पुन्हा तपासावे. सुधारणा दिसत नसेल, तर डोस दुप्पट करावा. पुन्हा पाच मिनिटांनी त्याच्या दुप्पट. 'दर पंधरा मिनिटांनी दोन अँप्युल' असा मोघम आदेश केसपेपरवर लिहून निघून जाणे म्हणजे रुग्णाला त्याच्याच स्रावात बुडू देणे होय. बांगलादेशात चट्टोग्राम येथे झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत ठरावीक अंतराने ठरावीक डोस घेणाऱ्या गटात मृत्यूचे प्रमाण २२.५ टक्के होते, तर डोस दुप्पट करत नेऊन नंतर सलग थेंबाने ॲट्रोपिन दिलेल्या गटात ते ८ टक्के राहिले. यासाठी महागडे यंत्र लागले नाही, फक्त पद्धत बदलली.

हिशेब करून पाहा. ३ अँप्युलने सुरुवात केली आणि चौथ्या डोसाला छाती स्वच्छ झाली, तर ३, ६, १२ आणि २४ मिळून ४५ अँप्युल, म्हणजे २७ मिलिग्रॅम ॲट्रोपिन पंधरा-वीस मिनिटांत गेले. प्रत्यक्षात हे दृश्य असे असते : एक सिस्टर सिरिंजमध्ये ओढते आहे, वॉर्डातले मामा ट्रेमध्ये अँप्युलच्या माना मोडत आहेत, मोडताना बोटाला काच लागून त्यांच्या हातमोज्यावर रक्त आले आहे आणि डॉक्टर स्टेथोस्कोप छातीवरून न काढता मोठ्याने मिनिटे मोजतो आहे. म्हणून अँप्युल फोडायला एक माणूस स्वतंत्र नेमावा आणि खरीप सुरू होण्यापूर्वी साठा मोजून ठेवावा. एका रुग्णाला पहिल्या चोवीस तासांत दीडशे अँप्युल लागणे हे अतिशयोक्त नाही. मोठ्या व्हायल मिळत असतील, तर त्याच मागवाव्यात.

थांबायचे केव्हा, यासाठी पाच खुणा पाहाव्यात : छातीतील घरघर व शिट्टीसारखा आवाज गेलेला असावा, नाडी ८० च्या वर असावी, वरचा रक्तदाब ८० च्या वर असावा, काख कोरडी असावी आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या राहिलेल्या नसाव्यात. यांतील छाती, नाडी आणि रक्तदाब महत्त्वाचे. बाहुल्या मागाहून पसरतात, त्यांच्यासाठी ॲट्रोपिन वाढवत बसू नये. काख तपासायची ती बोट आत घालून. घामाने चिकटपणा लागतो की कोरडी कातडी लागते, हे हाताला चटकन समजते. उलटी फुप्फुसात गेलेली असेल, तर एका बाजूला, विशेषतः उजवीकडे खाली, खरखर राहते. ती ॲट्रोपिनने जाणार नाही आणि तिच्या मागे लागल्यास रुग्णाला ॲट्रोपिनचेच विष चढेल.

खुणा पूर्ण झाल्या की आतापर्यंत लागलेल्या एकूण मात्रेच्या १० ते २० टक्के ॲट्रोपिन दर तासाला सलग चालू ठेवावे. वरच्या उदाहरणात ते २.७ ते ५.४ मिलिग्रॅम होते. ५० अँप्युल न मिसळता ५० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये भरल्या, तर पंपाचा वेग तासाला ४.५ ते ९ मिलिलिटर राहील. पहिले काही तास दर पंधरा मिनिटांनी व नंतर तासातासाला त्याच पाच खुणा तक्त्यावर लिहाव्यात. घरघर परतली, तर पुन्हा बोलस (शिरेतून एकदम द्यायचा डोस) द्यावा आणि पंपाचा वेग वाढवावा. उलट रुग्ण बरळू लागला, हवेत काहीतरी पकडू लागला, ताप चढला, पोटातील आवाज थांबले, लघवी अडली, तर ॲट्रोपिन जास्त झाले आहे. अशा वेळी पंप बंद करून दर अर्ध्या तासाने पाहावे आणि खुणा ओसरल्यावर आधीच्या ७० ते ८० टक्के वेगाने पुन्हा सुरू करावे. ज्येष्ठ महिन्याच्या उकाड्यात, पंखा नसलेल्या वॉर्डात हा ताप जीवघेणा ठरू शकतो. भ्रम झालेल्या रुग्णाला खाटेला बांधून टाकण्यापूर्वी पंपाचा वेग पाहावा आणि मूत्राशय भरलेले आहे का, हे चाचपावे.

प्रॅलिडॉक्झिमबद्दल

'पाम' नावाने ओळखले जाणारे प्रॅलिडॉक्झिम हे बांधले गेलेले एन्झाइम सोडवण्याचा प्रयत्न करते. त्याच्याबद्दल मतभेद आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली आणि आपल्या बारामतीत २०० रुग्णांवर झालेली चाचणी जगभर उद्धृत होते. तीत सर्वांना सुरुवातीला २ ग्रॅम दिल्यानंतर एका गटाला ४८ तास दर तासाला १ ग्रॅम सलग, तर दुसऱ्या गटाला दर चार तासांनी १ ग्रॅम दिले गेले. सलग घेणाऱ्या गटात मृत्यू आणि व्हेंटिलेटरची गरज दोन्ही कमी आढळले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रीलंकेतील चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. माझे मत असे की या दोन निष्कर्षांत दिसतो तेवढा विरोध नाही. बारामतीतील रुग्ण लवकर पोहोचले होते आणि त्यांची अतिदक्षता विभागात निगा राखली गेली होती. विषाने बांधलेले एन्झाइम काही तासांत 'पिकते' आणि मग औषधाला दाद देत नाही. डायमेथोएट, मोनोक्रोटोफॉस यांसारख्या विषांत हे काही तासांतच घडते, क्लोरपायरीफॉसमध्ये त्याला एक-दोन दिवस लागतात आणि कपाशीवर सर्रास फवारले जाणारे प्रोफेनोफॉस तर या औषधाला जवळजवळ जुमानतच नाही.

तेव्हा व्यवहार असा : ॲट्रोपिन सुरू झाल्यानंतर, रुग्ण लवकर आला असेल तर, दर किलोमागे ३० मिलिग्रॅम प्रॅलिडॉक्झिम २० ते ३० मिनिटांत सावकाश द्यावे आणि पुढे दर किलोमागे तासाला ८ मिलिग्रॅम चालू ठेवावे. घाईने ढकलल्यास उलटी, रक्तदाबात उसळी आणि हृदय बंद पडण्यापर्यंत मजल जाते. हे औषध गावात मिळत नाही म्हणून नातेवाइकांना रात्री चाळीस किलोमीटरवर पिटाळू नये. ॲट्रोपिन आणि श्वासाची काळजी यांच्यापुढे त्याचे स्थान दुय्यम आहे. कार्बोफ्युरॉन, मेथोमिल या कार्बामेट गटातील विषांत एन्झाइम आपोआप सुटते. तेथे ॲट्रोपिन पुरते आणि रुग्ण बहुधा दिवसभरात सावरतो.

पोट धुणे

नातेवाइकांना पोट धुतले म्हणजे इलाज झाला असे वाटते आणि डॉक्टरही त्या दडपणाखाली पहिली नळी नाकात घालतात. पोट धुण्याचा विचार विष घेतल्यापासून साधारण तासाभरातच करावा आणि तोही श्वासमार्ग सुरक्षित असताना, रुग्ण शांत असताना. हातपाय धरून, तडफडणाऱ्या माणसाच्या पोटात बादलीभर पाणी ओतण्याने अर्धे विष फुप्फुसात जाते. औषधी कोळशाची (ॲक्टिव्हेटेड चारकोल) पूड ५० ग्रॅम लवकर आलेल्या रुग्णाला देता येते. पण श्रीलंकेत हजारो रुग्णांवर झालेल्या चाचणीत तिने मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही, तेव्हा तिच्यासाठी काही अडवून ठेवू नये. कपडे काढून अंग धुणे मात्र प्रत्येकात करावे, फवारणीच्या रुग्णात तर डोकेही. कर्मचाऱ्यांनी हातमोजे घालावेत, खिडक्या उघडाव्यात. त्या उग्र वासाने डोके दुखते ते बहुधा द्रावकामुळे, त्याला घाबरून रुग्णापासून दूर उभे राहू नये.

अतिदक्षता विभागात

व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाची नेहमीची निगा येथेही तीच : डोक्याकडची बाजू ३० अंश उंच, तोंडाची स्वच्छता, दर दोन तासांनी कूस बदलणे, डोळ्यांवर मलम, लघवीची नळी, पोटातील आवाज परतताच नळीवाटे अन्न. ॲट्रोपिनमुळे आतडे मंद असते, म्हणून अन्न थोडे थोडे वाढवावे. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रोज पाहावे आणि ईसीजीतील क्यूटी अंतर मोजावे. ते लांबले असेल तर हृदयाची जीवघेणी लय उमटू शकते. रक्तदाब पडला तर सलाईनबरोबर नॉरॲड्रेनालिन लागते. डायमेथोएटच्या रुग्णांत हे विशेष दिसते. क्लोरपायरीफॉससारखी चरबीत मुरणारी विषे दोन-तीन दिवसांनीही पुन्हा रक्तात उतरतात, त्यामुळे स्थिरावलेल्या रुग्णाची घरघर अचानक परतू शकते. ॲट्रोपिन हळूहळू, दिवसाला थोडेथोडे उतरवावे. सिरिंज संपली आणि रात्री नवी भरली गेली नाही, असे होता कामा नये.

चौथी रात्र

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतील एक रुग्ण अजून आठवतो. तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर होता, छाती स्वच्छ, चहा मागत होता. खाट हवी होती म्हणून त्याला साध्या वॉर्डात हलवले. संध्याकाळी त्याची आई सिस्टरांना सांगत होती की त्याला मान उचलून पाणी पिता येत नाही आणि आवाज नाकातून येतो. अशक्तपणा असेल, असे तिला सांगितले गेले. पहाटे तीन वाजता त्याचा श्वास थांबलेला आढळला. या अवस्थेला 'इंटरमीडिएट सिंड्रोम', म्हणजे मधल्या टप्प्यातला लक्षणसमूह, म्हणतात. तिचे रीतसर वर्णन १९८७ मध्ये श्रीलंकेतील डॉक्टरांनी केले. विष घेतल्यानंतर एक ते चार दिवसांत, पहिला वादळी टप्पा ओसरल्यावर, मानेचे, खांद्या-कंबरेचे, चेहऱ्याचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. ॲट्रोपिन त्यावर चालत नाही. उपाय एकच, वेळेवर व्हेंटिलेटर आणि एक ते तीन आठवडे धीर.

ओळखण्याची चाचणी इतकी सोपी आहे की ती दर चार तासांनी तक्त्यावर असलीच पाहिजे. रुग्णाला उताणे निजवून उशीवरून डोके उचलायला सांगावे आणि कपाळावर दोन बोटे ठेवून किंचित दाब द्यावा. डोके उचलले गेले नाही, किंवा उचलून टिकले नाही, तर रुग्ण कितीही टवटवीत दिसो, तो अतिदक्षता विभागातून हलता कामा नये. दुसरी चाचणी एका श्वासात मोठ्याने आकडे मोजण्याची. दम पंधराच्या आत तुटत असेल, तर नळी टाकण्याची तयारी ठेवावी. बोटावरच्या यंत्रातील ९८ टक्क्यांवर विसंबू नये. ऑक्सिजन लावलेल्या रुग्णात तो आकडा शेवटपर्यंत चांगला राहतो आणि मग एकदम कोसळतो. म्हणून तीव्र विषबाधेच्या रुग्णाला किमान चार-पाच दिवस, आणि ॲट्रोपिन पूर्ण बंद झाल्यावर निदान एक दिवस, नजरेखाली ठेवावे. तालुक्याहून जिल्ह्याला पाठवायचे असेल, तर छाती कोरडी करून, ॲट्रोपिनच्या भरलेल्या सिरिंजा, सक्शन आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) सोबत देऊन, त्या वापरता येणाऱ्या माणसासह पाठवावे.

जेथे ही वाट लागू पडत नाही

प्रत्येक बाटली ऑर्गॅनोफॉस्फरसची नसते. तणनाशक पॅराक्वाटमध्ये तोंड व जीभ भाजलेली दिसते आणि शुद्ध शाबूत असते. त्यात ऑक्सिजन फुप्फुसाची हानी वाढवतो, म्हणून तो रक्तातील प्रमाण ८८-९० टक्क्यांखाली गेल्यावरच, लागेल तेवढाच द्यावा. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून पाण्याशी संबंध येताच फॉस्फिन वायू सुटतो, तेव्हा पाण्याने पोट धुऊ नये, खोली हवेशीर ठेवावी आणि रक्तदाब व रक्तातील आम्लता यांच्याशी झुंजण्याची तयारी ठेवून मोठ्या केंद्राशी लगेच बोलावे. उंदरांच्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टमध्ये पहिले दोन-तीन दिवस रुग्ण ठणठणीत दिसतो व नंतर यकृत निकामी होते. त्याला दुसऱ्या दिवशी घरी सोडणे ही फसगत, रक्त गोठण्याची तपासणी रोज करावी. सायपरमेथ्रिनसारखे पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक एकटे असेल तर बहुधा सौम्य, पण बाजारात प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिन एकाच बाटलीत मिळतात, हे लेबल पूर्ण वाचल्याशिवाय कळत नाही. शंका असल्यास दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो.

कागद आणि घरी जाताना

वैद्यकीय-कायदेशीर नोंद करावीच. पण पोलीस येईपर्यंत उपचार थांबवण्याला कोणताही कायदेशीर आधार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाबाबत २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील कलम ११५ अशा माणसाला तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरते, शिक्षेस पात्र मानत नाही. नातेवाईक 'चुकून प्यायला' असे सांगतात ते बहुधा भीतीपोटी. त्यांना हे समजावून सांगितल्यावर खरी वेळ आणि खरी मात्रा कळते. रुग्ण बोलू लागल्यावर त्याला "असं का केलंत?" असे खाटेभोवती गर्दी असताना विचारू नये, मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक यांची भेट सुट्टीच्या आधी झालेली असावी आणि घरात उरलेली बाटली कोठे आहे, ती घरातील कोण हलवणार आहे, हे नाव घेऊन ठरवावे.

तीन आठवड्यांनी रुग्णाला परत बोलवावे आणि टाचांवर चालायला सांगावे. पायांच्या पोटऱ्यांत गोळे येणे, मुंग्या आणि पाऊल लुळे पडून लोंबणे ही उशिरा येणाऱ्या मज्जातंतूविकाराची चिन्हे याच सुमारास दिसतात. तांबड्या पेशींतील कोलिनेस्टरेज दिवसाला साधारण एक टक्का या गतीने भरून येते, त्यामुळे अंगात बळ आल्यासारखे वाटले तरी त्याच हंगामात पुन्हा पंप पाठीवर घेतलेल्या माणसाला थोड्या विषानेही मोठी बाधा होते. शेतमजुराला हे तोंडी सांगून भागत नाही, कारण त्याला मालकापुढे नाही म्हणता येत नाही. सुट्टीच्या कार्डावर ठळक अक्षरांत 'फवारणीचे काम देऊ नये', त्यापुढे दोन-अडीच महिन्यांनंतरची तारीख आणि खाली सही-शिक्का असे लिहून द्यावे.